पुरुषांची बायथलॉन परस्यूट: आमच्या नाशिकच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर संपत आला की निफाडकडच्या द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात आणि आमच्या इंदिरानगरच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी संध्याकाळी बर्फ पडायला लागतो. टीव्हीवर, अर्थात. गेले काही हिवाळे आम्ही सात-आठ जण पुरुषांची परस्यूट एकत्र बघतो. दर हंगामात कुणीतरी नवीन येतं, कुणाचा मेव्हणा, कुणाच्या ऑफिसातली मैत्रीण, आणि पोह्यांची बशी हातात धरून तेच प्रश्न विचारतं. शर्यत चालू असताना उत्तरं देत बसलो तर नेमकी शेवटची नेमबाजी हुकते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. येण्याआधी वाचून या.

बायथलॉन म्हणजे पोहणं आणि पळणं ना?

नाही. आपल्याकडे मुलांच्या स्पर्धांमध्ये पळणं-पोहणं-पळणं असतं त्याला बायथल म्हणतात, आणि ट्रायथलॉनच्या वजाबाकीने लोक बायथलॉनही तसंच समजतात. हे हिवाळी बायथलॉन: पायात लांब, अरुंद स्की, पाठीवर रायफल, चढ-उतारांच्या बर्फाच्या वाटेवर दमछाक करून घ्यायची आणि मधेमधे थांबून नेम धरायचा.

मूळ लष्करी आहे. नॉर्वेच्या सीमेवरच्या सैनिकांमध्ये १७६७ मध्ये अशी शर्यत झाल्याची नोंद सापडते. १९२४ च्या शामोनी इथल्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 'मिलिटरी पॅट्रोल' (लष्करी गस्त) नावाने याचा थोरला भाऊ होता. १९५८ मध्ये ऑस्ट्रियातल्या झालफेल्डनला पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि १९६० मध्ये अमेरिकेतल्या स्क्वॉ व्हॅलीत बायथलॉन ऑलिंपिकमध्ये आलं. देवळालीच्या तोफांचा आवाज ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हा खेळ परका वाटायचं काही कारण नाही.

स्क्वॉ व्हॅलीची एक गोष्ट मी प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगतो. तिथे सुवर्णपदक मिळालं स्वीडनच्या क्लास लेस्टांडरला. नुसत्या स्कीच्या वेळेत तो पंधरावा होता, पण वीसपैकी वीस नेम बरोबर. स्कीवर सगळ्यात वेगवान होता फ्रान्सचा व्हिक्तोर आर्बेझ. त्याचे वीसपैकी अठरा चुकले. हा खेळ कुणाचा आहे, पायांचा की बोटांचा, हा वाद तेव्हापासून चालूच आहे.

मग परस्यूट म्हणजे नेमकं काय?

पाठलाग. आदल्या दिवशी किंवा त्याच्या आधी स्प्रिंट झालेली असते. पुरुषांसाठी दहा किलोमीटर, दोनदा नेमबाजी, आणि सगळे तीस-तीस सेकंदांनी एकेकटे सुटतात. त्या स्प्रिंटमधले पहिले साठ जण परस्यूटला येतात. स्प्रिंटमध्ये जो जितके सेकंद मागे राहिला, तितकेच सेकंद त्याला परस्यूटच्या सुरुवातीला थांबावं लागतं. स्प्रिंट जिंकणारा शून्यावर सुटतो. दुसरा आठ सेकंद मागे होता तर आठ सेकंदांनी. साठावा बिचारा अडीच-तीन मिनिटं घड्याळाकडे बघत उभा.

म्हणजे कालची उधारी आज व्याजासकट फेडायची. परस्यूटबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं सगळं त्याचा तपशील.

अंतर साडेबारा किलोमीटर, अडीच किलोमीटरच्या पाच फेऱ्या. पहिल्या चार फेऱ्यांच्या शेवटी नेमबाजी: दोनदा आडवं झोपून, मग दोनदा उभ्याने. दर वेळी पाच गोळ्या, एकूण वीस. जो पहिला रेषा ओलांडतो तो जिंकला. स्प्रिंटसारखं 'अजून चाळीस जण यायचे आहेत, थांबा' हे नाही. पडद्यावर जो पुढे दिसतो तो खरोखर पुढे असतो, म्हणून नव्या माणसाने सुरुवात याच शर्यतीने करावी.

पुढच्याने ज्याला एक पूर्ण फेरी मागे टाकलं, त्याला तिथेच शर्यतीतून बाहेर व्हावं लागतं. ते दृश्य वाईट दिसतं, पण वाट मोकळी ठेवायला दुसरा इलाज नाही.

म्हणजे स्प्रिंटही बघायलाच हवी?

हो. न बघता परस्यूटला येणं म्हणजे मध्यंतरानंतर नाटकाला येण्यासारखं. कोण कुठे चुकलं हे ठाऊक नसेल तर कोण चिडून सुटलाय हे कसं कळणार?

शिवाय स्प्रिंटमध्ये नशीबही वाटलं जातं. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये स्प्रिंट चालू असताना हवामान बिघडलं. लवकर सुटलेल्यांना बरी वाट मिळाली, नंतरच्यांच्या स्की ओल्या बर्फात रुतल्या. फ्रान्सचा व्हँसाँ जे (आडनावच 'जे') हा लवकर सुटला होता. त्याने सुवर्ण घेतलं आणि मोठमोठी नावं मागे पडली. परस्यूटला तीच मोठी नावं तो तोटा पाठीवर घेऊन सुटली. परस्यूट शेवटी स्वीडनच्या ब्योर्न फेरीने जिंकली आणि व्हँसाँ जे तिसरा आला. आदल्या शर्यतीतल्या बर्फाचा हिशेब पुढच्या शर्यतीत असा चुकता होतो.

लक्ष्य केवढं असतं?

अंतर पन्नास मीटर. झोपून मारताना पंचेचाळीस मिलिमीटरचं वर्तुळ, उभ्याने मारताना एकशे पंधरा. आमच्याकडे याचं प्रात्यक्षिक बायकोने दिलं: पाणीपुरीची पुरी म्हणजे झोपून मारायचं लक्ष्य, सणाच्या जेवणातली पुरी म्हणजे उभ्याने मारायचं. दोन्ही पुऱ्या समोरच्या इमारतीच्या गच्चीवर ठेवल्या आहेत असं समजा. (तिने खरंच दोन्ही ताटात ठेवून दाखवल्या. पुढच्या दोन मिनिटांत दोन्ही लक्ष्यं नाहीशी झाली.)

पडद्यावर पाच काळी वर्तुळं एका ओळीत दिसतात. गोळी लागली की त्यावर पांढरी झडप पडते. अर्धवट लागलं वगैरे प्रकार नाही, गुण नाहीत, दशांश नाहीत. पांढरं किंवा काळं. दुसऱ्याच्या लेनमधल्या वर्तुळावर मारलं तर ती गोळी फुकट गेली.

ऑलिंपिकमधले नेमबाज, आणि तरी इतके नेम चुकतात कसे?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बहुतेक वेळा तो थोड्या तुच्छतेने विचारला जातो. 'आपला स्वप्नील कुसाळे बघा.' बघितला की! २०२४ च्या पॅरिसमध्ये त्याने कांस्य जिंकलं तो प्रकारही पन्नास मीटरचा आणि रायफलही त्याच पॉइंट टू टू बोअरची. तिथे दहाचं वर्तुळ साडेदहा मिलिमीटरसुद्धा भरत नाही, पाणीपुरीची पुरी त्यापुढे ढोबळ. पण कुसाळे नेम धरायच्या आधी अडीच किलोमीटर चढ चढून येत नाही. जाड कापडाचं खास जॅकेट त्याला आधार देतं, आणि दोन गोळ्यांमध्ये श्वास बसवायला उसंत असते. बायथलॉनवाला अंगाला चिकटलेल्या पातळ सूटमध्ये येतो, हृदयाचे ठोके दीडशेच्या वर, आणि पाचही गोळ्या साधारण पंचवीस-तीस सेकंदांत संपवतो.

मला हे पटवून देऊन पटलं नाही, करून पटलं. नवरात्रात जुन्या आग्रा रोडवर कालिकेची यात्रा भरते, तिथे फुगे फोडायचे स्टॉल असतात. एका वर्षी मी आधी शांतपणे पाच छर्रे मारले: चार फुगे. मग मुलाला स्टॉलवर उभं केलं, गर्दीबाहेर जाऊन गोल्फ क्लबच्या मैदानाला जोरात दोन फेऱ्या मारल्या आणि तसाच धापा टाकत परत आलो. बंदूक खांद्याला लावली तर समोरची माशी (नळीच्या टोकावरची खूण) फुग्यावर ठरेचना. एका ठोक्याला लाल फुगा, पुढच्या ठोक्याला शेजारचा पिवळा. श्वास रोखला तर डोळ्यांपुढे अंधारी, सोडला तर नळी खाली. चाप ओढायचा ठरवलेला क्षण आणि प्रत्यक्षात बोट हलल्याचा क्षण यात माशी कुठल्या कुठे जायची. पाचात एक फुगा फुटला, तोही मी ज्याच्यावर नेम धरला होता तो नव्हे. स्टॉलवाला म्हणाला, "साहेब, पाणी प्या."

त्या दिवसापासून कुणी उभ्याने पाचपैकी तीन मारून दंडाच्या फेरीकडे वळला तर मी हसत नाही.

झोपून मारताना दोन्ही कोपरं चटईवर टेकलेली असतात आणि रायफलचा पट्टा दंडाला अडकवलेला असतो. उभ्याने तो आधार जातो. किमान साडेतीन किलोची रायफल, धडधडणारी छाती, थरथरणारे पाय. लक्ष्य अडीच पटींनी मोठं केलंय ते उगाच नाही, आणि तरी परस्यूट फिरते ती तिसऱ्या आणि चौथ्या नेमबाजीतच.

एक नेम चुकला तर किती महागात पडतं?

दीडशे मीटरची एक दंडाची फेरी. चांगल्या खेळाडूला बावीस ते पंचवीस सेकंद. ऐकायला थोडं वाटतं, पण वरच्या पातळीवर एका फेरीत नुसत्या स्कीच्या जोरावर पाच-सात सेकंद कमावणंही मुश्कील असतं. दोन नेम चुकले की जवळजवळ पाऊण मिनिट.

दंडाची फेरी लगेच मारायची असते. विसरला किंवा मोजणी चुकली, तर प्रत्येक न मारलेल्या फेरीमागे दोन मिनिटं. पाचपैकी एखादी गोळी न झाडताच उठला तरी दोन मिनिटं. दमलेल्या डोक्याला पाचपर्यंत मोजणंसुद्धा जड जातं, हे कालिकेच्या यात्रेनंतर मला पटतं.

रिलेमध्ये तीन जादा गोळ्या मिळतात. परस्यूटमध्ये एकही नाही.

रेंजवर कोण कुठे उभा राहणार हे कसं ठरतं?

कुंभमेळ्यात कुठल्या आखाड्याने आधी स्नानाला जायचं हे आधीच ठरलेलं असतं. इथे उलट. जो पहिला रेंजवर येईल तो पहिल्या लेनवर, दुसरा दुसऱ्या, असं ओळीने. त्यामुळे परस्यूटमध्ये लेनचा आकडा म्हणजेच त्या क्षणाचा क्रमांक. कॉमेंट्री जर्मनमध्ये असली तरी चालतं, लेन बघा.

आणि यातच मजा आहे. शेवटच्या उभ्या नेमबाजीला पहिल्या तीन लेनवर तिघे शेजारी-शेजारी उभे असतात. शेजाऱ्याच्या रायफलचा आवाज कानात जातो, मागे प्रेक्षक प्रत्येक गोळीला ओरडतात. शेजाऱ्याचे पाच पूर्ण झाले आणि तो रायफल पाठीवर टाकून निघाला, हे आपल्या अजून दोन गोळ्या बाकी असताना कळतं. अशा वेळी घाई करतो तो गेला.

मधेच रायफलवर काहीतरी फिरवतात ते काय?

वाऱ्याचा हिशेब. रेंजवर छोटे झेंडे असतात. शर्यतीआधी सगळे सराव करून दृष्टीयंत्र बसवून घेतात, पण शर्यतीत वारा बदलला की दोन-तीन 'क्लिक' डावी-उजवीकडे करावे लागतात. मागे दुर्बिणीशी उभा असलेला प्रशिक्षक पुढच्या फेरीत ओरडून सांगतो. काही जण क्लिक न करता थोडं बाजूला नेम धरतात. माझ्या मते तो जुगार आहे, पण जमला की भारी दिसतो.

मागून सुटलेल्याला खरंच संधी असते, की हे सगळं टीव्हीसाठी?

असते. फ्रान्सच्या मार्टिन फोरकादचं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये सोचीत तो स्प्रिंटमध्ये सहावा आला, परस्यूट जिंकली. २०१८ मध्ये प्याँगचांगला स्प्रिंटमध्ये आठवा, परस्यूट परत त्याचीच. दोन ऑलिंपिक, दोन्हीकडे आधी मागे आणि मग पुढे. सलग सात हंगाम, २०११-१२ पासून २०१७-१८ पर्यंत, एकूण विश्वचषक त्याच्याकडे होता. तो माणूस उधारी फेडण्यात पटाईत होता.

उलटही होतं. २०२२ च्या बीजिंगमध्ये स्प्रिंट जिंकून नॉर्वेचा योहानेस थिंगनेस बो सगळ्यांच्या आधी सुटला. नेम चुकत गेले आणि पदकही मिळालं नाही. फ्रान्सच्या कॉन्तां फियों मायेने वीसपैकी वीस मारून सुवर्ण नेलं, आणि रौप्य मिळालं योहानेसच्याच थोरल्या भावाला, टारेईला. घरातल्या घरात असं झाल्यावर रात्री जेवताना काय बोलत असतील, हा आमच्याकडचा जुना विषय आहे.

पण भाबडेपणाने बघू नका. पन्नासाव्या क्रमांकावरून सुटणारा सहसा जिंकत नाही. त्याच्यासाठी शर्यत वेगळीच असते: पहिल्या चाळिसांत यायचं, कारण विश्वचषकाचे गुण तिथपर्यंतच आहेत. कॅमेरा पुढच्या पाचांवर असतो, पण निकालाच्या यादीत सत्तावन्नवरून एकोणिसावर आलेला कुणीतरी नेहमी सापडतो. मी तो शोधतोच.

शेवटपर्यंत बरोबरीत राहिले तर?

मग शेवटच्या सरळ वाटेवर पायांची लढाई. २००६ मध्ये तुरिनला व्हँसाँ देफ्रानने साक्षात ओले आयनार ब्योर्नडालेनला दोन-तीन सेकंदांनी मागे टाकलं. २०२० च्या जागतिक स्पर्धेत अंतरसेल्वाला एमिलियाँ जाकलाँने योहानेस बोला शेवटच्या मीटरपर्यंत झुंजवून हरवलं. जाकलाँने पुढच्या वर्षी पोक्ल्युकालाही परस्यूटचंच जगज्जेतेपद मिळवलं. २००६ आणि २०२०, दोन्ही वेळा हरणारा नॉर्वेचा आणि त्या पिढीचा सर्वांत मोठा खेळाडू, जिंकणारा फ्रेंच. योगायोग असेल, आमच्यातला एक जण असं मानत नाही.

हंगाम कसा चालतो? गुण कसे मोजतात?

नोव्हेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत. बहुतेक आठवड्यांत एक गाव, एक स्टेडियम: स्वीडनचं ओस्टरसुंड, ऑस्ट्रियाचं होखफिल्झेन, फ्रान्सचं ल ग्राँ-बोर्नाँ, जर्मनीचं ओबरहोफ आणि रुपोल्डिंग, फिनलंडचं कोन्तिओलाह्ती, ओस्लोचं होल्मेनकोलेन. नावं पाठ व्हायला एक हंगाम लागतो, नंतर ती नातेवाइकांच्या गावांसारखी वाटतात. परस्यूट दर आठवड्यात नसते. एका हंगामात सात-आठच्या आसपास होतात.

पहिल्याला ९० गुण, दुसऱ्याला ७५, तिसऱ्याला ६५, तिथून पुढे उतरत चाळिसाव्यापर्यंत. २०२२-२३ च्या आधी हे ६०, ५४, ४८ असं होतं. म्हणजे आता जिंकण्याचं मोल वाढलंय: पूर्वी पहिल्या-दुसऱ्यात सहा गुणांचं अंतर, आता पंधरा. तरी हंगामाचा हिशेब करा. दोन परस्यूट जिंकून दोनदा तिसाच्या पुढे गेलेल्यापेक्षा चारही वेळा दुसरा-तिसरा आलेला पुढे राहतो. छोटा स्फटिक गोल बहुतेक वेळा त्याला मिळतो, ज्याचा सगळ्यात वाईट दिवस बाकीच्यांच्या वाईट दिवसापेक्षा बरा असतो.

छोटा गोल म्हणजे एका प्रकाराचं विजेतेपद: परस्यूटचा वेगळा, स्प्रिंटचा वेगळा. मोठा गोल सगळ्या प्रकारांचे गुण मिळवून. एकूण क्रमवारीत पुढे असलेला पिवळा बिब (अंगावरचा क्रमांकाचा कपडा) घालतो, त्या प्रकारात पुढे असलेला लाल. दोन्हीकडे एकच माणूस असेल तर अर्धा पिवळा, अर्धा लाल. २०१८-१९ मध्ये योहानेस बोने मोठा गोल आणि चारही छोटे असे सगळे नेले. त्या हंगामात त्याचे सोळा विजय होते. अशा हंगामात बाकीच्यांनी काय करावं? दुसऱ्या क्रमांकासाठी भांडावं.

ऑलिंपिकच्या वर्षी काय बदलतं?

गुणांच्या दृष्टीने काही नाही. ऑलिंपिकचे निकाल विश्वचषकाच्या क्रमवारीत धरत नाहीत, आणि २०२२-२३ पासून जागतिक स्पर्धेचेही नाहीत. बदलतं ते वेळापत्रक आणि माणसांची डोकी. कोण जानेवारीत मुद्दाम एक आठवडा गाळतो, कोण ताकद राखून खेळतो, हे ओळखत बसण्यातच निम्मा हंगाम जातो.

परस्यूट ऑलिंपिकमध्ये २००२ ला आली, सॉल्ट लेक सिटीत. जागतिक स्पर्धेत त्याच्या पाच वर्षं आधी, १९९७ ला. पहिलं ऑलिंपिक सुवर्ण ब्योर्नडालेनचं. त्या वेळी त्याने पुरुषांच्या चारही शर्यती जिंकल्या. २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकसाठी बायथलॉनला जागा मिळाली अंतरसेल्वाची. ते स्टेडियम सोळाशे मीटरच्या आसपास आहे, आपल्या बागलाणातल्या साल्हेरच्या माथ्यापेक्षाही जरा उंच. साल्हेर चढून वर पोचल्यावर आपली काय अवस्था होते ते आठवा. ही मंडळी तिथून सुरुवात करतात.

नियमांवरून भांडणं होतात का?

२००९ ची प्याँगचांगची जागतिक स्पर्धा. परस्यूट सुरू झाली आणि ब्योर्नडालेनसह काही जण एका पुलापाशी ठरलेली वाट सोडून भलत्याच बाजूने गेले. शर्यत संपल्यावर पंचांनी त्यांना एक-एक मिनिटाचा दंड केला, आणि सुवर्ण रशियाच्या माक्सिम चुदोवकडे गेलं. मग अपील झालं, वाटेची खूण नीट नव्हती असा मुद्दा निघाला, दंड रद्द झाला आणि सुवर्ण परत ब्योर्नडालेनकडे. मुंबई नाक्याला नवीन माणूस जसा चुकीच्या बाजूला वळतो, तसंच. फरक एवढाच की तिथे अपील करता येतं.

स्कीला मेण लावतात म्हणे. त्याने खरंच फरक पडतो?

प्रचंड. संघांबरोबर मेण लावणाऱ्यांचे अख्खे ट्रक फिरतात. बर्फ ओला की कोरडा, नवा की जुना, यावर कुठलं मेण आणि स्कीच्या तळाला कशी खाच हे ठरतं. फ्लोरीन असलेली मेणं सगळ्यात सुसाट, पण आरोग्याला आणि पर्यावरणाला घातक, म्हणून २०२३-२४ च्या हंगामापासून त्यांच्यावर पूर्ण बंदी आहे आणि स्की तपासल्या जातात. एखादा अख्खा संघ एका दिवशी उतारावर मागे पडताना दिसला तर दोष पायांना देऊ नका.

किती थंडी चालते?

उणे वीस अंशांच्या खाली गेलं तर शर्यत घेत नाहीत. निफाडचा पारा पाचच्या खाली उतरला की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते आणि मी दोन स्वेटर घालतो.

आता बघण्यासारखं कोण आहे?

पाच मोठे गोल जिंकलेला योहानेस बो मार्च २०२५ मध्ये ओस्लोला निवृत्त झाला, भाऊ टारेईसुद्धा त्याच वेळी. त्याआधी लेन्झरहाइडच्या जागतिक स्पर्धेत योहानेसने परस्यूटचं सुवर्ण मिळवलं होतं. त्या शेवटच्या हंगामाचा मोठा गोल मात्र स्टुर्ला होल्म लेग्राइडने नेला, तोही नॉर्वेचाच. माझा कल लेग्राइडकडे आहे. त्याची स्की बोसारखी डोळ्यांत भरत नाही, पण रेंजवर तो शांत असतो, आणि परस्यूटला हेच लागतं. घरातली तरुण मंडळी फ्रेंचांच्या बाजूची आहेत. स्वीडनचा सेबास्टियन सामुएल्सन पुढे असला की कुणालाच बसवत नाही, कारण तो राखून खेळणाऱ्यांतला नाही.

आपल्याकडे कुणी हे खेळतं का? नाशिकमध्ये शिकता येईल?

गुलमर्ग, औलीसारख्या ठिकाणी स्की होते, गुलमर्गला लष्कराची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, आणि खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत नॉर्डिक स्कीइंग असतं. तिथे जवानांचाच वरचष्मा.

नाशिकमध्ये बर्फ नाही हे वेगळं सांगायला नको. पण बर्फाच्या देशांतले खेळाडूसुद्धा उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्कीवर सराव करतात. आपल्याकडे रोलर स्केटिंगला जाणारी पोरं भरपूर, एअर रायफलच्या रेंजही आहेत. पॉइंट टू टू रायफलला परवाना लागतो, त्यामुळे तो विचार घरी करू नका. माझा भाचा स्केटिंग आणि एअर रायफल दोन्हीला जातो. दोन्ही एकाच संध्याकाळी, आधी स्केटिंग आणि मग रायफल असं कर, म्हणून मी त्याच्या मागे लागलोय. त्याच्या सरांना ही कल्पना अजिबात आवडलेली नाही.

महिलांची परस्यूट का नाही बघत?

बघतो. दहा किलोमीटर, दोन-दोनच्या पाच फेऱ्या, बाकी सगळं तेच. बहुतेक वेळा त्याच दिवशी असते. ही प्रश्नावली पुरुषांच्या हंगामापुरती आहे इतकंच.

किती वाजता, आणि कुठे बघायचं?

हिवाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. तिकडे सव्वाबारा म्हणजे इकडे पावणेपाच. परस्यूट बहुतेक वेळा आपल्या संध्याकाळी साडेचार ते आठच्या दरम्यान येते, आणि जिंकणारा साधारण अर्ध्या-पाऊण तासात रेषा ओलांडतो. क्रिकेटचा सामना असेल त्या दिवशी आमच्याकडे मतदान होतं. आतापर्यंत मी दोनदा हरलोय. आंतरराष्ट्रीय बायथलॉन संघटनेच्या ॲपवर कोणाची कुठली गोळी चुकली हे थेट दिसतं, आणि यूट्यूबवर त्यांच्या वाहिनीवर नंतर संक्षिप्त चित्रफीत येते. निकाल आधी बघून आलात तर तोंड बंद ठेवा.

शर्यत चालू असताना बोललं तर चालतं का?

झोपून मारतात तेव्हा चालतं. पहिल्या उभ्या नेमबाजीला हळू बोला. शेवटच्या उभ्या नेमबाजीला कुणी बोलत नाही, चहा ओतत नाही, बेल वाजवत नाही. उशीर झाला तर थेट आत या, दार नुसतं लोटलेलं असतं. चपला मात्र बाहेर काढा.